महोगनीच्या मेजाची कुळकथा

इतिहास म्हटला कीं लढाया, तह आणि राजांच्या वंशावळी डोळ्यांपुढें येतात. परंतु मनुष्य ज्या वस्तूंच्या सान्निध्यांत रोज उठतो-बसतो, त्या वस्तूंनाही कुळ असतें, आणि तें शोधूं गेलें असतां घराचा उंबरठा ओलांडून पुष्कळदां समुद्रापलीकडे जावें लागतें. अठराव्या शतकांतील संपन्न इंग्रज गृहस्थाच्या भोजनगृहांत मधोमध उभें असलेलें महोगनीचें भरीव मेज ही अशीच एक वस्तु आहे. तें मेज कसें घडविलें जाई, त्याचें लांकूड कोठून येई आणि तें लांकूड तोडणारे हात कोणाचे होते, या तीन प्रश्नांचीं उत्तरें शेजारीं शेजारीं ठेविलीं म्हणजे त्या शतकाची एक वेगळीच बखर वाचावयास मिळते.

फार पूर्वीं इंग्लंडांत जेवणाचें कायमचें मेज बहुतेक नसेच. मध्ययुगांतील सरदाराच्या दालनांत लांकडी घोड्यांवर लांब फळ्या टाकीत, त्यांवर कापड पसरीत, आणि जेवणें आटोपलीं कीं फळ्या भिंतीशीं उभ्या करून ठेवीत. आपल्याकडे पंगत उठल्यावर पाट उचलावे, तसाच हा प्रकार. इंग्रजींत फळीला ‘बोर्ड’ म्हणतात. त्या फळीवर जें अन्न वाढलें जाई त्यालाही लोक ‘बोर्ड’च म्हणूं लागले. विद्यार्थ्यांच्या बोर्डिंगांतील ‘बोर्ड’ तो हाच, आणि एका फळीभोंवतीं बसून विचारविनिमय करणाऱ्या मंडळाचें नांवही तेथूनच आलें. पुढें सोळाव्या शतकांत ओक लांकडाचीं लांब, जड मेजें आलीं. सतराव्या शतकांत पाय फिरवून बाजूच्या झडपा उभ्या करतां येतील अशीं गोल मेजें आलीं. ओक टिकाऊ खरा, पण अंगानें भरड. अक्रोडाचें लांकूड दिसावयास सुरेख, परंतु त्याला कीड लवकर लागे आणि त्याच्या रुंद फळ्या दुर्मिळ असत. म्हणून कारागीर त्याचे पातळ पापुद्रे काढून ते हलक्या लांकडावर सरसानें चिकटवीत. त्यांतच इ. स. १७०९ च्या कडक हिंवाळ्यांत युरोपांतील अक्रोडाचीं पुष्कळ झाडें मेलीं, आणि १७२० सालीं फ्रान्सनें त्या लांकडाची निर्गत बंद केली.

याच सुमारास ब्रिटिश पार्लमेंटनें एक कायदा केला. त्याचा मेजाशीं वरवर पाहतां कांहींच संबंध नव्हता. आरमाराला लागणारें लांकूड, डोलकाठ्या आणि डांबर यांसाठीं बाल्टिक समुद्राकांठच्या देशांच्या तोंडाकडे पाहावें लागूं नये, तो माल अमेरिकेंतील स्वतःच्या वसाहतींतून यावा, असा राज्यकर्त्यांचा हेतु होता. म्हणून १७२१ च्या कायद्यानें अमेरिकेंतील ब्रिटिश मुलखांतून येणाऱ्या लांकडावरील जकात उठविली. रॉबर्ट वॉल्पोल यांच्या हातीं राज्याचा कारभार आला तें सालही हेंच. जमैका बेट १६५५ पासून ब्रिटिशांच्या ताब्यांत होतें, आणि त्या बेटावर महोगनीचीं झाडें होतीं. आरमारासाठीं उघडलेल्या दारानें भोजनगृहाचें लांकूड आंत आलें. वॉल्पोल यांनीं नॉरफोक परगण्यांत हौटन हॉल नांवाचा वाडा बांधला, त्याचा जिना आणि दरवाजे याच लांकडाचे आहेत.

महोगनीच्या आगमनासंबंधानें एक आख्यायिका इंग्लंडांत सांगतात. डॉ. गिबन्स नांवाच्या लंडनमधील एका नामांकित वैद्याचा भाऊ वेस्ट इंडीजला जाणाऱ्या जहाजावर कप्तान होता. त्यानें जहाजाला भार म्हणून कांहीं ओंडके भरून आणिले आणि भावाला दिले. वैद्यबुवांचें घर त्या वेळीं बांधलें जात होतें. सुतारांनीं लांकडावर हत्यार चालवून पाहिलें आणि ‘हें फार कठीण’ म्हणून तें टाकून दिलें. पुढें घरांत मेणबत्त्या ठेवावयास पेटी हवी झाली, तेव्हां वोलस्टन नांवाच्या कारागिरानें ती त्याच लांकडाची केली. मग त्याच लांकडाचें लिहिण्याचें मेज झालें. त्याची झिलई पाहून बकिंगहॅमच्या डचेसनें आपणासही तसेंच मागून घेतलें, आणि ती आवड मोठ्या घरांतून पसरली. गोष्ट गोड आहे. परंतु एका पेटीनें देशाची आवड बदलत नाहीं, जकातीनें बदलते. इंग्लंडांत आलेल्या महोगनीचे आंकडेच पाहावे. १७४० सालीं ५२५ टन, १७५० सालीं ३,६८८ टन, आणि १७८८ सालीं ३०,००० टनांहून अधिक!

या लांकडांत असें काय होतें? पहिली गोष्ट, त्याची रुंदी. झाडाचा बुंधा प्रचंड असल्यामुळें तीन-चार फूट रुंदीची अखंड फळी त्यांतून निघूं शके. ओक किंवा अक्रोड यांत हें स्वप्नांतही शक्य नव्हतें. दुसरी गोष्ट, त्याचा स्थिरपणा. वाळतांना तें थोडें आकसतें आणि फारसें पिळवटत नाहीं. तिसरी गोष्ट अशी कीं त्याला कीड सहसा लागत नाहीं. चौथी म्हणजे त्याचा तांबूस रंग आणि त्यावर चढणारी खोल झिलई. पापुद्रे चिकटविण्याची गरज उरली नाहीं. जें वर दिसे तेंच आरपार असे.

आतां वीस माणसांचें मेज घडवावयाचें, तर प्रत्येकास सुमारें दोन फूट जागा धरून त्याची लांबी अठरा-वीस फूट होई, आणि रुंदी चार ते साडेचार फूट. काम ओंडक्यापासून सुरू होई. करवतीच्या खड्ड्यावर ओंडका आडवा ठेवीत. एक कामकरी वर उभा राही, दुसरा खड्ड्यांत, आणि लांब करवत दोघे वरखालीं ओढीत. खालच्याच्या डोक्यावर दिवसभर भुसा पडे. निघालेल्या फळ्यांमध्यें पट्ट्या घालून, वारा खेळेल अशा रीतीनें, त्या छपराखालीं रचून ठेवीत. जाडीच्या दर इंचास एक वर्ष वाळवण, असा जुना हिशेब होता. शेजारच्या फळ्या शक्य तों एकाच ओंडक्याच्या घेत, म्हणजे रंग आणि रेषा जुळे.

परंतु खरी परीक्षा यापुढें असे. झाड तोडल्यानें लांकडाची हालचाल थांबत नाहीं. पावसाळी हवेंत तें ओल शोषून फुगतें, कोरड्या हवेंत आकसतें. हा फरक लांबींत जवळजवळ पडत नाहीं; तो रुंदींत पडतो. चार फूट रुंदीची फळी उन्हाळ्या-हिंवाळ्यांत दोन-चार सूत कमीजास्त होणारच, मग ती महोगनीची कां असेना. जो कारागीर ही गोष्ट विसरून फळी खालच्या चौकटीला सर्व बाजूंनीं सरसानें पक्की जखडून टाकी, त्याचें मेज कांहीं वर्षांनीं मधोमध तडकून फाटे. कारण आकसूं पाहणाऱ्या लांकडापुढें सरसाचें किंवा खिळ्याचें कांहीं चालत नाहीं. जाणता कारागीर चौकटींत लांबट भोंकें ठेवून त्यांतून स्क्रू घेई, किंवा खांचेंत सरकणारे लांकडी ठोकळे लावी, जेणेंकरून फळी जागच्या जागीं राही आणि तरीही तिला हलावयास वाव मिळे. लांकडावर सत्ता गाजवावयाची नाहीं, त्याच्या स्वभावाला जागा द्यावयाची, हें त्या धंद्यांतील पहिलें शहाणपण होतें.

दुसरी अडचण पायांची. वीस फूट फळीचें ओझें उचलावयास पाय पुष्कळ लागत, आणि पाय पुष्कळ झाले कीं पाहुण्यांचे गुडघे आपटत. शिवाय रोज घरांत जेवणारीं माणसें चार, आणि मेजवानीच्या दिवशीं वीस. म्हणून प्रथम झडपांचीं मेजें केलीं. झडप आणि मधली फळी यांचा सांधा एकाचा गोल कांठ दुसऱ्याच्या पोकळ कांठांत फिरेल असा असे, त्यामुळें झडप खालीं सोडली तरी फट दिसत नसे. मग मेजाचे तीन तुकडे करूं लागले. दोन टोंकांचे अर्धगोल भाग एरवीं भिंतीशीं ठेवीत आणि मेजवानीच्या वेळीं मध्यभागाला पितळी पकडींनीं जोडीत. अठराव्या शतकाच्या अखेरीस चार कोंपऱ्यांच्या पायांऐवजीं एका खांबावर तोललेलीं मेजें आलीं. शेवटीं १८०० सालीं रिचर्ड गिलो यानें एकांत एक सरकणाऱ्या चौकटीचें पेटंट घेतलें. दुर्बिणीच्या नळीप्रमाणें चौकट ओढून लांबवावयाची, मध्यें हव्या तितक्या फळ्या घालावयाच्या, आणि पाय मात्र थोडे. आज घरोघरीं दिसणाऱ्या लांबणाऱ्या मेजांचा पूर्वज तो हाच.

हें गिलो घराणें इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील लँकेस्टर या बंदराचें. रिचर्डचा बाप रॉबर्ट यानें १७३० च्या सुमारास तेथें कारखाना काढला. त्याचीं माणसें मेजें-खुर्च्या करीत, तयार माल वेस्ट इंडीजला पाठवीत, आणि परतीच्या जहाजांतून महोगनी आणीत. लँकेस्टर हें गुलामांच्या व्यापारांतीलही एक प्रमुख बंदर होतें. या कारखान्याच्या आराखड्यांच्या वह्या सुदैवानें टिकल्या असून त्या लंडनच्या वेस्टमिन्स्टर दफ्तरखान्यांत आहेत. कोणत्या वस्तूला किती लांकूड लागलें, त्याची किंमत काय, ती कोणत्या कारागिरानें केली, त्याला मजुरी काय पडली, हें त्यांत आकृतीसह टिपलेलें आढळतें. परंतु वहीचा आरंभ लांकूड कारखान्याच्या दारांत आल्यापासून होतो. त्यापूर्वींचा हिशेब दुसरीकडे शोधावा लागतो.

तिकडे वळण्यापूर्वीं तयार मेज भोजनगृहांत कसें दिसे तें पाहावें. फळीवर जवसाचें तेल घालीत आणि विटेच्या बारीक पुडीनें दिवसेंदिवस घांशीत, तेव्हां ती आरशासारखी होई. १८१५ नंतर ‘फ्रेंच पॉलिश’ची पद्धति इंग्लंडांत रूढ झाली, तिला लागणारी लाख हिंदुस्थानांतून जाई. छोटा नागपूरकडच्या पळसांवर आणि कुसुंबाच्या झाडांवर वाढणाऱ्या किड्यांची ती लाख. मुख्य जेवण होईपर्यंत मेजावर पांढरें कापड असे. मग नोकर तें काढून घेत, आणि उघड्या तांबड्या फळीवर मेणबत्त्यांच्या ज्योतींचें प्रतिबिंब पडे. त्यावर फळें, साखरेच्या मिठाया आणि मद्याच्या सुरया मांडीत. यजमानाची श्रीमंती पाहुण्यांच्या डोळ्यांत भरावयाची वेळ ती हीच. साखर वेस्ट इंडीजची, फळीही तिकडचीच.

आतां त्या अरण्यांत जावें. पहिलीं कांहीं दशकें बहुतेक महोगनी जमैकांतून आली. किनाऱ्याजवळचीं आणि नद्यांलगतचीं झाडें आधीं गेलीं; मग डोंगरांतून लांकूड ओढून आणणें महाग पडूं लागलें. १७६६ च्या कायद्यानें जमैकाचीं कांहीं बंदरें परकीय जहाजांना मोकळीं झालीं, तेव्हां क्यूबा आणि हिस्पानिओला या बेटांतील लांकूड त्या वाटेनें इंग्लंडला पोहोंचूं लागलें. पुढें १७८६ सालीं स्पेनशीं झालेल्या करारानें ब्रिटिशांना मध्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर, होंडुरसच्या आखातांत, महोगनी तोडण्याची परवानगी मिळाली. त्या वसाहतीला पुढें ब्रिटिश होंडुरस म्हणत. १९८१ सालीं स्वतंत्र झालेला बेलीझ देश तो हाच.

महोगनीचीं झाडें देवदारासारखीं एके ठिकाणीं दाटीनें वाढत नाहींत. दाट रानांत तीं दूर दूर विखुरलेलीं असतात. म्हणून तोडणाऱ्यांच्या टोळींत झाड हेरणारा मनुष्य सर्वांत मोलाचा समजला जाई. ऑगस्टच्या सुमारास या झाडाच्या पानांवर तांबूस-पिवळी छटा येते. हेऱ्या रानांतील सर्वांत उंच झाडावर चढे, हिरव्या सागरांत ती छटा कोठें आहे हें दुरून न्याहाळी, दिशा मनांत धरून खालीं उतरे आणि दाट झाडींतून नेमका त्या बुंध्यापाशीं जाऊन पोहोंचे. ही विद्या कोणत्याही शाळेंत शिकवितां येण्यासारखी नव्हती. बुंध्याचीं मुळें जमिनीवर फळ्यांसारखीं पसरलेलीं असत. त्यांच्यावर घाव घालणें व्यर्थ, म्हणून दहा-बारा फूट उंचीवर लांकडी माळा बांधून त्यावर उभे राहून कुऱ्हाड चालवावी लागे. झाड कोणत्या बाजूस पडेल याचा अंदाज चुकला तर माळ्यावरचा मनुष्य वांचणें कठीण.

झाड पाडणें हा कामाचा लहान भाग. रस्ता काढणें हा मोठा. रानांतून नदीपर्यंत मैल-मैल वाट तोडून, ओढ्यांवर साकव घालून ती गाड्यांसाठीं मोकळी करावी लागे. एप्रिल-मे महिन्यांत जमीन कठीण झाली कीं ओंडके गाड्यांवर चढवीत. दिवसाच्या उन्हांत बैल टिकत नसत, म्हणून हें काम मशालींच्या उजेडांत रात्रीं चाले. जूनमध्यें पाऊस पडून नद्यांना पूर आला म्हणजे मालकाच्या खुणेचे ओंडके पाण्यांत लोटीत, आणि नावांतून त्यांच्यामागें जात. नदीच्या मुखाशीं जाड साखळदंड आडवे घालून ते अडवीत, खुणा पाहून वेगळे करीत, चौकोनी तासून जहाजांत भरीत. तेथून पुढें गिलोसारख्यांच्या वह्या सुरू होत.

हे सारे श्रम करणारीं माणसें गुलाम होतीं. १७९० च्या सुमारास त्या वसाहतीच्या लोकवस्तींपैकीं सुमारें तीन-चतुर्थांश माणसें गुलामगिरींत होतीं; आफ्रिकेंतून धरून आणलेलीं, किंवा तशांच्या पोटीं जन्मलेलीं. उंसाच्या मळ्यांत देखरेखीखालीं ओळीनें राबणाऱ्यांपेक्षां रानांतल्या या लहान टोळ्यांना थोडी मोकळीक होती, त्यांच्या हातीं कुऱ्हाडी होत्या, एवढ्यावरून त्यांचें जिणें सुसह्य होतें असें पुष्कळ दिवस लिहिलें गेलें. परंतु जीं माणसें सुखी असतात तीं जीव धोक्यांत घालून पळत नाहींत. येथून माणसें सरहद्द ओलांडून स्पॅनिश मुलखांत पळून जात. १७७३ सालीं बेलीझ नदीकांठीं मोठें बंड झालें. १८२० सालीं पुन्हां झालें. त्या दुसऱ्या बंडाचे पुढारी विल आणि शार्पर नांवाचे दोन गुलाम होते, आणि त्या वेळच्या ब्रिटिश अधिकाऱ्यालाही चौकशीअंतीं मान्य करावें लागलें कीं त्यांचा छळ झाला होता.

इकडे इंग्लंडांत लोकांची सदसद्विवेकबुद्धि जागी होत होती. १७९१ सालीं गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव पार्लमेंटनें फेटाळला, तेव्हां हजारों कुटुंबांनीं वेस्ट इंडीजची साखर खाणें सोडलें. थॉमस क्लार्कसन यांच्या अंदाजानें असा त्याग करणारांची संख्या सुमारें तीन लाख होती. घरांतील स्त्रियांनीं या चळवळींत मोठा भाग घेतला. ही गोष्ट त्या राष्ट्राला खरोखरच भूषणावह आहे. पण येथें एक मौज दिसते. साखर रोज विकत घ्यावी लागे, म्हणून ती रोज नाकारतां येई. मेज एकदां घेतलें कीं पिढ्यान् पिढ्या पुरे. साखरेचा वाडगा ज्या फळीवरून उचलला गेला, ती फळीही त्याच बेड्यांतून आली होती, आणि तिच्याविरुद्ध तसें पत्रक निघालें नाहीं. जी वस्तु संपते तिची आठवण माणसाला होते. जी टिकते ती घरची होऊन बसते आणि तिचें मूळ विसरलें जातें.

गुलामांचा व्यापार १८०७ सालीं कायद्यानें बंद झाला. १८३४ च्या ऑगस्टमध्यें ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी संपली. तरी ‘उमेदवारी’च्या नांवाखालीं माणसें आणखी चार वर्षें, १८३८ पर्यंत, बांधलेलीं राहिलीं. त्यानंतरही लांकूडतोड्यांचें नशीब एकदम पालटलें नाहीं. नाताळच्या सुमारास ते बेलीझ शहरांत जमत, मालक त्यांना उचल देत, आणि ती फेडण्यासाठीं वर्षभर रानांत राबावें लागे. रानांत लागणारें सामान मालकाच्याच दुकानांतून चढ्या भावानें घ्यावयाचें, म्हणजे वर्षाअखेर हातांत पैसा नाहीं आणि डोक्यावर कर्ज आहेच. उचल म्हणजे काय हें महाराष्ट्रांतील ऊसतोडणी कामगारांना समजावून सांगावें लागत नाहीं.

आणि झाडाचें काय झालें? जें मेज दोनशें वर्षें टिकतें, त्याचें झाड त्या आकाराचें व्हावयास शंभराहून अधिक वर्षें लागूं शकतात. तोडणाऱ्यांनीं निवडून निवडून सर्वांत मोठीं, सर्वांत सरळ झाडें नेलीं, आणि बीं धरावयास खुरटीं मागें राहिलीं. मायभूमींत या झाडाची दाट लागवड करूं गेल्यास शेंडा पोखरणारी अळी रोपांचा नाश करते, त्यामुळें नुसतीं रोपें लावून तूट भरून निघाली नाहीं. अखेर वन्य जातींच्या व्यापारासंबंधींच्या आंतरराष्ट्रीय करारानें १९९२ सालीं वेस्ट इंडीजच्या महोगनीवर, आणि २००३ सालीं मध्य व दक्षिण अमेरिकेंतील रुंद पानांच्या महोगनीवर निर्बंध घातले. हिंदुस्थानांत हें झाड १७९५ सालीं कलकत्त्याजवळील शिवपूरच्या वनस्पति-उद्यानांत आलें, आणि येथें तें रुजलें. आपल्या कित्येक शहरांत रस्त्याकडेला सावली देणाऱ्या झाडांत आज महोगनी उभी असते. तिच्याखालून जाणाऱ्यांना तिचें कुळ ठाऊक नसतें. बेलीझच्या लोकांनीं मात्र तें विसरलें नाहीं. त्यांच्या राष्ट्रध्वजावर महोगनीचें झाड असून त्याच्या दोन बाजूंस हत्यारें घेतलेले दोन लांकूडतोडे उभे आहेत. ज्यांचीं नांवें कारखान्याच्या वह्यांत आलीं नाहींत, त्यांना त्यांच्या वंशजांनीं ध्वजावर जागा दिली.

त्या शतकांतील कारागिरांचें कौशल्य कमी लेखण्याचें कारण नाहीं. त्यांनीं केलेलीं मेजें अद्याप सरळ उभीं आहेत, त्यांच्या झडपांचे सांधे अद्याप हलके फिरतात, आणि हें सारें लांकडाचा स्वभाव ओळखल्यामुळें साधलें. निर्जीव समजल्या जाणाऱ्या फळीला हलण्या-आकसण्यास वाव दिला नाहीं तर ती फाटते, हें ज्या समाजाच्या सुतारांना कळलें होतें, त्याच समाजाच्या मालकांना जिवंत माणसाविषयीं तेवढेंही कळूं नये, ही त्या काळाची शोकांतिका होय.

जुनें सामान पारखणारा जाणकार मेज घेतांना वरच्या झिलईवर भुलत नाहीं. तो खालीं वांकतो, किंवा मेज उलटें करवतो. खालच्या अंगाला झिलई नसते. तेथें करवतीच्या आणि रंध्याच्या खुणा जशाच्या तशा असतात, आणि वस्तु कधींची, कशी केलेली, हें तेथेंच कळतें. इतिहास वाचणाऱ्यानेंही हीच संवय लावून घ्यावी.